वाटीची मुदत

माझ्या सासूबाईंनी निम्म्या महाराष्ट्राचं गणनजाळं तुंबवून ठेवलं आहे, ही बातमी मला घरून नाही, ऑफिसातून कळली. घरून एवढंच कळलं होतं की यंदा हळद चांगली आली आहे, समोरच्या मालनकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि माझे सासरे, म्हणजे अप्पा, हल्ली जरा उशिरा बोलतात.

उशिरा म्हणजे कसं, ते सांगते. रविवारी सांगलीला फोन लावला. "अप्पा, जेवलात का?" विचारलं, तर पलीकडे सामसूम. दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं. शेवटी म्हटलं, "आई कुठं आहेत?" त्यावर खणखणीत आवाजात उत्तर आलं, "हाणल्या की दोन भाकरी! आता आडवा होतो." मी फोन ठेवता ठेवता आईंचाही ठावठिकाणा लागला. माझा नवरा ओजस हसत सुटला. मला हसू येईना, कारण अप्पांचा आवाज वेळेवर येतो की नाही, हा थेट माझ्या खात्याचा विषय होता.

मी पुण्याला मानक मंडळात तपासनीस आहे. लोकांना वाटतं मी हेल्मेटवरचे शिक्के तपासते. मी तपासते ती यंत्रांची बोली. हल्ली घरातल्या टीव्हीच्या, फ्रीजच्या, स्कूटरच्या चार्जरच्या पोटात पूर्वीच्या एखाद्या कॉलेजच्या संगणकखोलीइतकी ताकद असते, आणि दिवसातला बहुतेक वेळ ही मंडळी नुसती बसून असतात. मोठमोठी गणनकेंद्रं थंड ठेवायला धरणांचं पाणी पुरेना, तेव्हा सरकारने ठरवलं की या बसलेल्या मंडळींनाच कामाला लावावं. घरोघरची रिकामी ताकद एकत्र जोडली. हवामानाचा अंदाज असो, डोळ्यांच्या तपासण्या असोत, मोठ्या कामाचे तुकडे करायचे आणि ज्याचे हात मोकळे असतील त्याला एकेक द्यायचा. हेच गणनजाळं.

अडचण एकच होती. टीव्ही कोरियाचा, फ्रीज जर्मनीचा आणि पाण्याचा पंप कोल्हापूरचा. यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? तिथे आमची वेब सेवांची मानकं उपयोगी पडली. प्रत्येक यंत्राने आपल्या दारावर एक पाटी लावायची: मी हे काम करतो, मला असं विचारा, उत्तर असं मिळेल. निरोप पाठवायचा तो ठरलेल्या लिफाफ्यातून. कुठल्या दारी काय मिळतं याची एक सामाईक सूची ठेवायची. आत कोण बसलंय, कुठल्या कंपनीचं आहे, याची चौकशी करायची नाही. पाटी वाचायची, मागायचं, मिळालं की चालू लागायचं.

आणि सगळ्यांत मोठा नियम विसरण्याचा. उत्तर देऊन झालं की यंत्राने मागणाऱ्याला साफ विसरायचं. पुढच्या क्षणी तोच परत आला तरी, "कोण आपण?" इथून सुरुवात. हे तुसडेपणाचं वाटेल, पण त्यात शहाणपण होतं. हजारो परक्यांची आठवण ठेवत बसलं तर यंत्राची मेमरी त्यातच संपेल, आणि माझ्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये पडून राहावी असं कुणालाच वाटत नाही.

आता अप्पा. सुकुमार मगदूम, सांगलीच्या मार्केट यार्डातले अडते. हळदीच्या सौद्यात ते बोली पुकारायला लागले की शेजारच्या गुळाच्या बाजारातली माणसं मान वर करून बघायची. त्या गळ्याला कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. वर्षभर हा माणूस पाटीवर लिहून बोलला. मग गळपट्टी आली. ती गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंची हालचाल टिपते, आणि अप्पांच्या जुन्या सौद्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून बनवलेल्या आवाजाच्या साच्यातून तोच शब्द बाहेर काढते. हे गणित प्रचंड, आणि ते पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. दूरवर पाठवून चालत नाही, जवळपासच उरकावं लागतं. म्हणून अप्पांचं बोलणं गल्लीतल्या घरांमधून तयार होऊन यायचं. थोडं या घरच्या टीव्हीत, थोडं त्या घरच्या शिलाई मशीनमध्ये, आणि निम्म्याहून जास्त समोरच्या पाटलांच्या शीतगृहाच्या मोठ्या मशीनमध्ये.

यातली गंमत अशी की शीतगृहाचे बाळगोंडा पाटील आणि अप्पा एकमेकांशी बोलत नसत. बाजार समितीच्या एका निवडणुकीत बिनसलं ते बिनसलंच. शीतगृह कागदोपत्री त्यांच्या बायकोच्या, मालनकाकूंच्या नावावर होतं आणि काकूंनी आपला अंगठा दाबून मशीन जाळ्याला जोडलं होतं. नवऱ्याला पत्ता नाही, असं काकू म्हणायच्या. गल्लीत एखाद्याला पत्ता नसणं कसं शक्य आहे, ते त्यांनाच ठाऊक.

तर सोमवारी आमच्या प्रमुख देवस्थळी मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या पडद्यावर नकाशा होता आणि सांगलीतून एक पिवळा डाग मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी करत पार कराडच्या पुढे गेला होता.

"हे काय आहे, सांग बघू," मॅडम म्हणाल्या. "एक यंत्र दुसऱ्याला काहीतरी पाठवतं. दुसरं पहिल्याला पाठवतं. मग पहिलं परत दुसऱ्याला. अखंड. काम काही नाही, नुसती देवघेव. डोळ्यांच्या तपासण्या खोळंबल्यात यापायी."

"सुरुवात कुठून झाली?"

"सांगली, वखारभाग, चिंच गल्ली. केंद्रचालक त्रिशला सुकुमार मगदूम."

मी खुर्चीत जरा सावरून बसले. "मॅडम, या माझ्या सासूबाई. ही तपासणी मी करणं बरोबर नाही."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "उलट तूच जा. घरच्या माणसाचं ऐकतील तरी."

"सासूबाई? माझं?"

"शुक्रवारपर्यंत थांबलं नाही, तर गल्ली जाळ्यातून तोडावी लागेल," त्या म्हणाल्या. "मला आवडतंय म्हणून नाही सांगत."

गल्ली तोडली की अप्पा मुके. आणि शनिवारी हळदीचा मुहूर्ताचा सौदा होता. एरवी सगळे सौदे आता पडद्यावर होतात, पण मुहूर्ताची पहिली रास अजून तोंडी पुकारतात, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच समितीने अप्पांना बोलावलं होतं.

मी मंगळवारी दुपारी सांगलीला पोचले. अप्पा कट्ट्यावर बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनी हात वर केला, तोंड हलवलं. मी आत जाऊन चपला काढल्या, पाणी प्यायले, तेव्हा बाहेरून गडगडाट आला, "या मानकबाई!"

आई स्वयंपाकघरात होत्या. सरकारी शिबिरात शिकून त्यांनी गल्लीचं केंद्र चालवायला घेतलं, त्याला आता बरेच दिवस झाले होते. केंद्र म्हणजे फडताळातलं एक मशीन आणि एक पडदा. त्याला त्यांनी क्रोशाचं झाकण विणलं होतं.

"अशी अचानक कशी काय गं? ओजस बरा आहे न्हवं?"

"ओजस बरा आहे. तुमचं केंद्र बरं नाही." मी नकाशा दाखवला. त्यांनी पदराला हात पुसून तो नीट बघितला. कराडपर्यंत आपण पोचलो याचं त्यांना थोडं कौतुकच वाटलं असावं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. "हे बघ, अप्पांचा एकेक शब्द लोकांच्या घरातनं येतोय. दिवसभर. आणि आपण नुसतं घ्यायचं? कुणाची वाटी कधी रिकामी पाठवलीय का मी?" आमच्या मानकात प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक मोकळी जागा असते, पुढेमागे लागेल म्हणून सोडलेली. ती कधीच कुणी वापरत नाही. आईंनी वापरली. शब्द तयार करून दिलेल्या प्रत्येक यंत्राला आपलं मशीन त्या जागेत काहीतरी घालून पाठवायचं. मालनकाकूंच्या नातीचे धुरकट फोटो स्वच्छ करून, शिलाईवाल्या सुवर्णाच्या कापडाचा कमीत कमी वाया जाणारा बेत काढून. प्रत्येकीला चालेल असं.

"मग मालन म्हणाली, तुझ्याकडनं रोज भरलेली वाटी येतीय, माझी रिकामी कशी पाठवू? माझ्याबी मशीनला शिकव. मग सगळ्याच म्हणाल्या. मी शिकवलं. मिरजेची माझी बहीण म्हणाली, मलाबी दे."

"आई," मी म्हटलं, "त्यांची भरलेली वाटी तुमच्या मशीनकडे आली की ते काय करतं?"

"परत भरून पाठवतं."

"आणि ती त्यांच्याकडे पोचली की?"

"त्यांचं परत..." आईंचा हात हवेत थांबला. पडद्यावर निरोप मुंग्यांसारखे पळत होते. "अगं बया," त्या म्हणाल्या.

मला हसावं की रागवावं कळेना. जगात इतके संगणकतज्ज्ञ आहेत, पण ही चूक सांगलीच्या बायकांशिवाय कुणाला करता आली नसती.

"सोपं आहे," मी म्हटलं. "तो नियम काढून टाकू. आत्ता."

"काढून बघ," आई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी अप्पांना आत बोलावलं.

मी आमच्या गल्लीपुरता नियम बंद केला. पडद्यावरच्या मुंग्या थांबल्या. अप्पांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या गळ्यातून बायकोचं नाव तुकड्या-तुकड्यांनी आलं, मधे खाडे पडत, एस.टी. स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा व्हावी तसं. तो आवाज अप्पांचा नव्हता. तो कुणाचाच नव्हता. आईंनी मान फिरवली.

कारण मला लगेच कळलं, आणि कळल्यावर मी कपाळाला हात लावला. विसरण्याचा नियम. प्रत्येक शब्दाला शेजारची यंत्रं "कोण आपण?" पासून सुरू करत होती. अप्पांच्या आवाजाचा साचा उचलायचा, मांडायचा, शब्द काढायचा आणि विसरून जायचं. पुन्हा उचलायचा. त्या धावपळीत साचा पुरता मांडलाही जात नव्हता. आईंच्या वाट्या सुरू झाल्यापासून मात्र यंत्रांना विसरायला सवडच मिळाली नव्हती. देवघेव संपतच नव्हती, म्हणून अप्पा त्यांच्या आठवणीत राहिले होते. वाट्या थोड्या होत्या तोवर आवाज हुबेहूब अप्पांचा आणि वेळेवर येत होता. मग वाट्या इतक्या वाढल्या की सगळ्यांचीच वाट अडली, अप्पांचीही.

म्हणजे वाटी ठेवली तर जाळं तुंबतं आणि गल्ली तुटते. वाटी काढली तर अप्पांचा आवाज जातो. मी नियम पुन्हा सुरू केला. सगळं समजावून सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकलं, तोंड हलवलं, आणि आम्ही तिघं त्यांचे शब्द येण्याची वाट बघत बसलो.

"काढून टाक, मानकबाई," शब्द आले. "लोकांच्या डोळ्यांच्या तपासण्या अडल्यात म्हणतीस. मुहूर्त काय, कुणीतरी पुकारंल." आणि ते परसात झाडांना पाणी घालायला निघून गेले. झाडांना पाणी सकाळीच घातलं होतं.

"खोटं बोलतोय माणूस," आई म्हणाल्या. "महिना झाला, रोज आरशापुढं उभा राहून सराव चाललाय. फेटा इस्त्रीला दिलाय." लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बोलायला घाबरायचे, आणि या माणसाने पहिल्या दिवशी मला शेजारी बसवून सगळ्या यार्डाच्या नकला करून दाखवल्या होत्या. त्या माणसाचा आवाज माझ्या सहीने बंद होणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनकाकू काठी टेकत आल्या, वाटीभर हुग्गी घेऊन. गव्हाची खीर, गुळाची, वर खोबरं. "पुण्याला मिळत न्हाई असली," म्हणाल्या आणि गेल्या. मी खाल्ली. वाटी घासली. रिकामी पाठवायची नाही एवढं मलाही माहीत होतं, म्हणून साखर भरली आणि लगेच समोर जाऊन देऊन आले. काकूंनी वाटी घेतली खरी, पण त्यांचं तोंड पडलं.

"बरी न्हवती व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मी घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "लगेच? अगं, लगेच कुणी देतं का? तिला वाटलं असंल, भांडण झालंय. हिशेब मिटवून टाकल्यासारखं!"

"मग कधी द्यायची?"

"आपल्याकडं काही चांगलं होईल तवा. नसलंच होत, तर महिनाभर फळीवर राहू दे की. काय बिघडतंय? वाटी घरात असली म्हणजे माणूस ध्यानात राहतं."

मी झटकन त्यांच्याकडे वळले. "परत म्हणा."

"काय?"

"शेवटचं."

माझी आमच्या मानकाशी बऱ्यापैकी ओळख आहे. त्याच्या शेवटी एक पुरवणी आहे, मुदतीच्या आठवणीची. काही कामं दीर्घकाळ चालतात, तेव्हा यंत्राने मागणाऱ्याची आठवण ठेवली तर चालते, मात्र तिला मुदत घालायची. मुदत संपली की आठवण आपोआप पुसली जाणार, आणि यंत्राच्या मालकाने स्वतः अंगठा दाबल्याशिवाय ती सुरू होणार नाही. घरोघर जाऊन अंगठे कोण मागणार, म्हणून ही पुरवणी सहसा कुणी वापरत नाही.

आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. भांडलो पुष्कळ. नवा नियम असा झाला: वाटी आली की उत्तरादाखल काही पाठवायचं नाही. ती ठेवून घ्यायची. आपलं स्वतःचं काही काम निघेल तेव्हा, त्याच निरोपाबरोबर काहीतरी घालून पाठवायची. म्हणजे उगाच फेरा नको आणि रिकामी वाटीही नको. आणि आठवण यंत्राने मुदत घालून उघडपणे ठेवायची. आईंचं म्हणणं होतं की वाटीत घालायचं काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी हवी. ते मी मान्य केलं नाही. त्यांनी ते केलं असावं असा मला अजून संशय आहे.

मग अंगठे. आई आणि मी दारोदार फिरलो. मालनकाकूंपुढे पडदा धरला, तर त्याने विचारलं, मुदत किती?

"त्यो बोलतोय तवर," काकू म्हणाल्या.

"काकू, आकडा लागतो."

"मग सगळ्यांत मोठा घाल."

सगळ्यांत मोठा नव्याण्णव वर्षांचा होता. काकूंनी तोच दाबला. सुवर्णाने तोच दाबला. सगळ्या गल्लीने तोच दाबला. मी आनंदात घरी येऊन अप्पांना सांगितलं, आणि अप्पा भडकले. गंमत म्हणजे तोवर मुंग्या पांगल्या होत्या, त्यामुळे राग अगदी वेळेवर आला.

"नव्याण्णव? म्हंजे मी गेल्यावरबी माझा आवाज त्या बाळगोंडाच्या शीतगृहात पोत्यांसंगं ठेवणार? काय लोणचं हाय व्हय ते?"

"अहो, सोय आहे ती," आई म्हणाल्या.

"सोय न्हवं. एक वर्ष. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मुदत संपणार, आणि मी प्रत्येकाच्या दारात जाऊन मागणार. घ्यायचं तर मागून घ्यावं."

"आणि कुणी नाही म्हणालं तर?"

"म्हणू दे की. नाही म्हणायची सोय त्यांनाबी पायजे."

आई पुष्कळ बोलल्या. मीही बोलले. पण त्या दिवशी अप्पांना उत्तर द्यायला उशीर होत नव्हता, त्यामुळे आमचं काही चाललं नाही. आम्ही पुन्हा दारोदार जाऊन नव्याण्णवाचं एक केलं.

गुरुवारी संध्याकाळी देवस्थळी मॅडमचा फोन आला. डाग ओसरतोय म्हणाल्या, हा नियम मिरज-कराडलाही पाठव म्हणाल्या. अहवालात मी वाटीचा सगळा किस्सा लिहिला होता, म्हणून मग त्यांनी विचारलं, "त्या हुग्गीला गहू कुठला लागतो गं?"

शनिवारी यार्डात मी पहिल्यांदाच मुहूर्त बघितला. हळदीची रास, तिच्यावर हार, भोवती व्यापाऱ्यांचं आणि हमालांचं कडं. अप्पा फेटा बांधून राशीपाशी उभे राहिले. क्षणभर त्यांनी गळपट्टीला हात लावला. आणि मग बोली सुरू झाली. तो आवाज मी वर्णन करून सांगणार नाही. गुळाच्या बाजारातली माणसं माना वर करून बघत होती, एवढंच सांगते. शेवटी दोघंच उरले, आणि त्यातले एक बाळगोंडा पाटील. त्यांनी बोटाने खूण करून भाव चढवला. अप्पांनी त्यांच्याकडे न बघता पुकारलं, "पाटील, एक वार! पाटील, दोन वार!" तिसऱ्या वाराला रास पाटलांची झाली. शिरस्त्याप्रमाणे गूळखोबरं वाटलं. दोघांनी ते वेगवेगळ्या ताटांतून घेतलं आणि दोघं दोन दिशांना गेले. आई मात्र माझा हात धरून भर यार्डात रडल्या, आणि मीही.

वर्ष गेलं. पुढच्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळी मुदत संपली, आणि त्या तुटक्या आवाजात बोलायचं नाही म्हणून अप्पा गळपट्टी बंद करून गप्प झाले. ओजस आणि मी मुद्दाम आलो होतो. अप्पांनी फेटा बांधला, मला पडदा घ्यायला खुणावलं आणि सरळ पाटलांचं दार गाठलं. मोठं मशीन तिथलं. तिथे होकार मिळाला नाही तर बाकी गल्लीने अंगठे दाबूनही धड शब्द फुटला नसता.

मालनकाकूंनी दार उघडलं. मी पडदा पुढे केला, तर त्या दोन्ही हात मागे घेऊन म्हणाल्या, "माझा अंगठा चालत न्हाई आता. शीतगृह ह्यांच्या नावावर केलंय गेल्या महिन्यात." आणि गुडघ्याचं दुखणं विसरून तुरुतुरु आत गेल्या.

बाळगोंडा पाटील पडवीत आरामखुर्चीत बसले होते. "काय पायजे?" त्यांनी विचारलं.

अप्पा नुसते उभे. मी म्हटलं, "काका, ते..."

"तू गप गं पोरी. ह्याला ऐकू येतंय न्हवं? मग झालं." पाटील खुर्चीतून उठले. "आज माझं सगळं ऐकून घ्यायचं. मधे बोलायचं न्हाई." आणि ते सुरू झाले. निवडणूक काढली. निवडणुकीआधीची भांडणं काढली. पॅनेलमधून नाव कुणी गाळलं, कुणाच्या सांगण्यावरून गाळलं, जत्रेत कोण कुणाकडे न बघता गेलं, सगळं. अप्पांचे ओठ दोनदा हलले, हाताची मूठ वळली, पण आवाज नव्हता. पडवीत नुसता पाटलांचा आवाज घुमत होता. मग तोही जरा खाली आला.

"तुझं ऑपरेशन झालं तवा मिरजंला आल्तो मी. हॉस्पिटलच्या दारातनं परत फिरलो. आत येऊन काय करणार? तू उलटून बोलणार न्हाईस, मग भांडू कुणासंगं?" त्यांनी शीतगृहाकडे हात केला. "वर्षभर रोज सकाळी तिथं जाऊन बसतोय. मशीन घुमालं की कळतंय, हा बोलालाय. काय बोलालाय ते कळत न्हाई, बोलालाय एवढं कळतंय. आज सकाळधरनं गप हाय ते." त्यांनी हात खाली घेतला. "करमंना झालंय मला."

अप्पा तिथेच उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

पाटलांनी माझ्या हातातला पडदा ओढून घेतला आणि अंगठा दाबला, जरा जास्तच जोरात. पलीकडे शीतगृहात मशीन घुमायला लागलं. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. अप्पांनी गळपट्टी सुरू केली आणि घसा खाकरल्यासारखं केलं. खाकरायला त्यांच्याकडे काही नव्हतं, ती जुनी सवय.

"झालं तुझं?" अप्पांचा आवाज पडवीभर भरला. "आता सरक तिकडं आणि माझं ऐक. पहिली गोष्ट, नाव गाळलं ते मी न्हवं..."

"तूच!"

"मधे बोलू नकोस!"

पाटलांनी दुसरी खुर्ची पायाने पुढे ओढली आणि आत वळून ओरडले, "मालन, च्या टाक. आणि ह्याच्या घरी सांगून ठेव, जेवायलाबी हितंच हाय म्हणून."